कोळी कोणता, ते आधी बघा



आपल्या जुन्नर-आंबेगावात उसातल्या बिबट्याची चर्चा पारापारावर चालते. पण त्याच उसाच्या बांधावर, फुलात दबा धरून बसणाऱ्या दुसऱ्या शिकाऱ्याकडे कुणी बघत नाही. तो म्हणजे खेकडा कोळी.

मागे एक सभासद काडेपेटीत किडा घालून गट ऑफिसला आले. "साहेब, झेंडूवर कोळी पडलाय, औषध लिहून द्या." पेटी उघडली तर आत पिवळाधमक खेकडा कोळी! दोष त्यांचा नाही, आपल्या शब्दाचा आहे. टोमॅटो-वांग्याच्या पानामागे रस शोषणारा लाल कोळी आणि किडी धरून खाणारा हा कोळी, दोघांनाही आपण 'कोळी'च म्हणतो. मग राखणदाराचाही चोराबरोबर बळी जातो.

ओळख अवघड नाही. लाल कोळी टाचणीच्या डोक्याहून बारीक, अंग एकसंध. खऱ्या कोळ्याचे अंग दोन भागांचे. त्यातही खेकडा कोळ्याचे पुढचे चार पाय लांब व दणकट, आणि चाल खेकड्यासारखी आडवी. हा शिकारीसाठी जाळे विणत नाही. काही जाती तर फुलाप्रमाणे पांढऱ्याच्या पिवळ्या होतात.

स्वीडनचे शास्त्रज्ञ सुंदेवाल यांनी १८३३ साली यांचे 'थोमिसिडी' हे कुळ मांडले. आज त्यात २,००० हून अधिक जाती आहेत. अंटार्क्टिका सोडून सगळ्या खंडांत ते सापडतात. 'फिलोड्रोमिडी' हे चपळ भाऊबंद पूर्वी याच कुळात धरत, आता त्यांचे खाते वेगळे झाले आहे.

या कामात आपल्या पुणे जिल्ह्याचेही नाव आहे. बी. के. टिकादर यांनी १९६३ साली एका जातीला कात्रज घाटाचे नाव दिले. १९८० साली भारतातील खेकडा कोळ्यांवर त्यांचा ग्रंथ निघाला. आमच्या मते यातून एक गोष्ट शिकावी. जिथे माणूस शोधायला गेला, तिथली नोंद झाली. नकाशावर जागा रिकामी दिसली म्हणजे तिथे कोळी नाहीत असे नव्हे, तिथे कुणी बघितले नाही एवढाच त्याचा अर्थ.

बघितल्यावाचून फवारल्याची चूक आम्हीही केली आहे. २००२ साली राज्यात उसावर लोकरी मावा आला. तेव्हा आम्ही पदविका घेऊन नुकतेच कामाला लागलो होतो. दिसेल त्या फडाला "मारा औषध" असे सांगत फिरलो. पुढे मावा आटोक्यात आणण्यात डायफा, मायक्रोमस या मित्रकिडींचा मोठा वाटा ठरला. तेव्हापासून औषधाची चिठ्ठी लिहिताना आमचा हात थबकतो.

खेकडा कोळी एकटा पीक वाचवील असा आमचा दावा नाही. तो मधमाशीही धरतो, हेही खरे. पण फुकटचा राखणदार विकतच्या औषधाने मारायचा, हा कुठला हिशोब?

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : पाचट पेटवू नका, त्यात कोळ्यांचा आसरा जळतो. बांधावरची सगळी फुलझाडे साफ करू नका. आणि कोळी दिसला तर गाव, पीक व महिना लिहून गट ऑफिसला कळवा. कुकडी, मीना आणि घोडेच्या खोऱ्यातली ही यादी आपणच करू.

बिबट्या दिसला की आपण गावभर सांगतो. कोळी दिसला तर पंप पाठीवर घेण्याआधी एकदा वाकून बघा.