पाणी बाटवलं कुणी?

मास्तर, पाण्याचा धडा शिकवताना महाड टाळू नका. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. मग सनातन्यांनी शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' केलं!

आता पोरांना विज्ञान सांगा. गाळ तळाशी बसतो, लव्हाळ्याची मुळं नायट्रेट ओढून घेतात, जिवाणू घाण खाऊन पचवतात. त्याला प्राणवायू लागतो. शेण जास्त झालं की प्राणवायू संपतो, मासे मरतात. मग बाटवलं कुणी?

मुंबईची पोरं आमच्या गोदीजवळ शिवडीच्या खाडीवर आणा. तिवरांच्या मुळांत गाळ कसा अडतो, ते बघू द्या. मंतर म्हणणाऱ्याला आणि तिवरं तोडून भराव टाकणाऱ्याला, दोघांनाही जाब विचारणारी पोरं पाहिजेत. नुसते मार्क काय चाटायचेत?