रेकॉर्ड कुठे थांबवायचा?

खंबायतच्या खोऱ्यात दख्खन ट्रॅपचा माथा दिसला की तेलासाठीचे भूकंपीय सर्वेक्षण संपले, असे आपण धरून चालतो. रेकॉर्ड पाच-सहा सेकंदांवर थांबतो. लुणेजला १९५८ साली तेल लागले, त्यानंतरचा उद्योग याच चौकटीत वाढला आणि गाळाच्या थरांपुरती ती पुरेशीही होती. पण खोरे किती खचले, त्यातला गाळ किती तापला, हे ट्रॅपखालच्या कवचावर अवलंबून असते. मेहमदाबाद–बिलिमोरा रेषेवरच्या डीप सिस्मिक साउंडिंगमध्ये राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेला मोहो सुमारे ३१ ते ३३ किमीवर मिळाला आणि खालच्या कवचात सेकंदाला ७ किमीहून अधिक वेगाचा थर आढळला. दख्खनच्या उद्रेककाळात कवचाच्या तळाशी साचून थिजलेला शिलारस, हा त्याचा अर्थ आम्हाला पटतो. तसे असेल तर ताणामुळे कवच जेवढे पातळ झाले, त्यातले काही या शिलारसाने भरून निघाले. मग नुसत्या मोहोच्या खोलीवरून काढलेला ताण कमी भरतो आणि त्यावर बेतलेला खोऱ्याचा तापमान-इतिहासही चुकतो. या थराची जाडी खोऱ्यात कुठे कशी बदलते, ते एका रेषेवरून कळणार नाही.

त्यासाठी गुरुत्वाचे नकाशे पुरेत, असे म्हटले जाते. पण हलक्या गाळाची एवढी जाडी असूनही इथे गुरुत्व चढेच भरते. ते जड थरामुळे की वर आलेल्या मोहोमुळे, हे गुरुत्व एकटे सांगू शकत नाही. ट्रॅप ऊर्जा विखुरतो, वरच्या वारंवारता गिळतो आणि मल्टिपल उरलेले झाकतात, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. नेहमीच्या शॉटवर मोहो स्वच्छ दिसेल, असा दावा कोणी करू नये. मात्र कमी वारंवारतेच्या लहरी ट्रॅप बऱ्याच अंशी पार करतात आणि लांब ऑफसेटवर मोहोचे परावर्तन कितीतरी ठळक येते. म्हणून निवडक रेषांवर मोठ्या चार्जचे मोजके शॉट घ्यावेत.

राहिला रेकॉर्ड मोहोपर्यंत लांबवण्याचा खर्च. सरासरी वेग सेकंदाला ६ किमी धरला तर ३२ किमीवरून लहर परतायला जवळपास ११ सेकंद लागतात. शॉटहोल, चार्ज, जिओफोनची मांडणी यांचा खर्च आधीच झालेला असतो; वाढतात ते काही सेकंद. व्हायब्रेटरच्या वेगवान कामात ही वाढ जाणवते, हे मान्य. तरी अमेरिकेत कोकॉर्पने १९७५ पासून तेल उद्योगाच्याच व्हायब्रेटरांनी खोल कवचाचे रेकॉर्ड घेतले. केबलविरहित नोड तर अखंड नोंद करतात. पुढचे सेकंद त्यांत असतातच. डेटा सुपूर्द करताना आपणच ते कापतो. निविदेत १२ सेकंदांचा रेकॉर्ड आणि नोडची मूळ नोंद जपण्याची अट घालावी. त्यावरची प्रक्रिया दहा वर्षांनीही करता येईल, पण वडोदरा–भरूच पट्ट्यात आज शॉटसाठी मिळणारे शेत तोवर मोकळे असेलच असे नाही.