दरबार गमावलेली भाषा

स्कॉटलंडात घरोघरी, बाजारात आणि बंदरांवर जी स्कॉट्स भाषा बोलली जाते, तिला बिघडलेली इंग्रजी समजण्याचा अन्याय जगाने दोन-अडीच शतके केला. आणि दुर्दैव हे की, त्या कामी सर्वांत अधिक उत्साह खुद्द त्या देशातील शिकल्यासवरल्या वर्गाने दाखविला. २०२५ साली एडिंबरा येथील पार्लमेंटाने कायदा करून गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा दिला, ही घटना म्हणूनच मला मोलाची वाटते. गेलिक ही आयरिशची भगिनी, डोंगराळ मुलखाची आणि पश्चिमेकडील बेटांची केल्टिक भाषा. स्कॉट्स मात्र इंग्रजीच्याच कुळातली, नॉर्थंब्रियातील प्राचीन बोलीपासून निघून स्वतंत्रपणे वाढलेली. गेलिकचे वेगळेपण कानाला तत्काळ पटते, म्हणून तिला निदान भाषा तरी म्हटले गेले. स्कॉट्सचे इंग्रजीशी असलेले नातेच तिच्या मुळावर आले.

एके काळी साऱ्या राज्यकारभारावर या भाषेचा अंमल होता. पार्लमेंटाचे कायदे, नगरांची दप्तरे आणि न्यायालयांतील फिर्यादी तिच्यात लिहिल्या जात. आणि गॅव्हिन डग्लस या कवीने व्हर्जिलचे महाकाव्य १५१३ साली तिच्यात उतरविले, तेव्हा आपण लिहितो ती भाषा इंग्रजांची नव्हे, स्कॉट राष्ट्राची आहे, असे त्याने ग्रंथारंभीच नोंदवून ठेवले. पुढे १५६० च्या धर्मसुधारणेबरोबर बायबल आले ते इंग्रजीतले. १६०३ साली सहावा जेम्स इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि दरबारासह लंडनला निघून गेला. १७०७ साली तर पार्लमेंटच विलीन झाले. धर्मपीठ, राजदरबार आणि विधिमंडळ ही तिन्ही स्थाने दीडशे वर्षांच्या आत हातची गेल्यावर जी भाषा केवळ बायाबापड्यांच्या, शेतकऱ्यांच्या आणि कोळ्यांच्या तोंडी उरली, तिच्याकडे प्रतिष्ठितांनी कमीपणाने पाहावे, हे त्या काळच्या रीतीला धरूनच झाले. डेव्हिड ह्यूमसारख्या युरोपभर कीर्ती गाजविलेल्या तत्त्वज्ञाने आपल्या लेखनातून कोणते स्कॉट प्रयोग टाळावेत याची यादी १७५२ साली छापली. १७६१ साली टॉमस शेरिडन नावाचा एक आयरिश नट एडिंबऱ्यात शुद्ध इंग्रजी उच्चारांवर व्याख्याने देऊ लागला, तेव्हा नगरातील वकील, प्राध्यापक आणि सरदार-दरकदार त्याच्यापुढे श्रोते म्हणून बसले. ज्या नगरात बुद्धीचे इतके तेज प्रकटले होते, त्या नगराने आपल्या आईच्या बोलीसाठी असे ओशाळे व्हावे, याची खंत मला आजही वाटते.

तरीही जो खरा घाव बसला, तो १८७२ च्या शिक्षण-कायद्यानंतरचा. शिक्षण सक्तीचे झाले, गावोगाव मूल शाळेत बसू लागले, ही गोष्ट निःसंशय स्तुत्य. परंतु त्या शाळेचा सारा व्यवहार इंग्रजीत, आणि घरची बोली तोंडातून निसटली की हातावर पट्टा. फाइफ परगण्यातील लॉखगेली या गावी बनणारा हा जाड चामड्याचा, टोकाला दोन-तीन शेपट्या काढलेला पट्टा देशभरच्या गुरुजींच्या मेजावर असे, आणि सरकारी शाळांतून तो १९८० च्या दशकात कायमचा गेला. म्हणजे त्याचा वळ ज्यांनी सोसला अशी माणसे आज आजोबा-आजी होऊन नातवंडांशी बोलत आहेत. आणि नातवंडांनी ‘नीट’ बोलावे म्हणून पुष्कळजण आपली जीभ आजही आवरतात.

इतके होऊनही ही भाषा मेली नाही, कारण जगण्याच्या ज्या जागी तिचे राज्य होते तेथे इंग्रजीला तिची जागा घेता आली नाही. तेथील हवाच घ्या. पूर्व किनाऱ्यावर ऐन उन्हाळ्यात समुद्रावरून जे थंडगार दाट धुके आत येऊन सारे नगर गिळून टाकते ते ‘हार’. अंगावर पडते आहे हे कळूही नये इतका बारीक पाऊस तो ‘स्मर’. आणि पावसाळी, कुंद, दिवसभर न हलणारे मरगळलेले आभाळ ते ‘ड्रीख’. फ्रान्सशी १२९५ पासून चाललेल्या जुन्या मैत्रीच्या काळात आलेले शब्द अजून घरोघरी आहेत: मांस वाढण्याच्या मोठ्या थाळ्याला ‘अ‍ॅशेट’ म्हणतात, आणि त्रागा करू नकोस असे सांगताना ‘डिनी फॅश’.

ईशान्येकडे, ॲबर्डीनच्या मुलखात, डॉरिक नावाची बोली आहे. इतर स्कॉट ज्या प्रश्नशब्दांच्या आरंभी ‘व्ह’ उच्चारतात तेथे हे लोक ‘फ’ म्हणतात. म्हणून ‘कसे काय’ हे ते ‘फिट लाइक?’ असे विचारतात, आणि त्याहून जवळीक असेल तर ‘फूज युअर डूज?’, म्हणजे ‘तुझी कबुतरे कशी आहेत?’ समोरचा गंभीरपणे उत्तर देतो, ‘एय पेकिन’, टिपताहेत दाणे अजून. कबुतरे कोणाजवळच नसतात. दाणे टिपणे चालू आहे, म्हणजे पोटापाण्याचे बरे चालले आहे, एवढा सगळा निरोप दोन शब्दांत पोहोचतो.

मराठी वाचकांना या मुलखातील एक मनुष्य परिचित आहे. साताऱ्यास कंपनी सरकारचा प्रतिनिधी म्हणून राहिलेला आणि १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा जेम्स ग्रँट डफ, १७८९ साली याच किनाऱ्यावरील बँफ गावी जन्मला. बखरी आणि दप्तरे धुंडाळून दुसऱ्यांच्या भाषेतील कागदांना त्याने इतिहासाचा मान दिला. त्याच्या स्वतःच्या गावाच्या बोलीला मात्र त्या काळी गंभीर ग्रंथात पाऊल ठेवण्याची मुभा नव्हती.

ग्लासगोची गोष्ट वेगळी आहे. तेथील दगडी चाळींच्या मागील चौकात मुले खेळत, आणि भूक लागली की खालूनच आईला हाक मारून ‘पीस’ मागत. पीस म्हणजे पावाच्या दोन कापांत मुरंबा घालून केलेला खाऊ. आई तो कागदात गुंडाळून तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली टाकी. १९६० च्या दशकात चाळी पाडून उंच मनोरे उठले, तेव्हा विसाव्या मजल्यावरून पीस टाकायचा कसा, ही तक्रार ॲडम मॅकनॉटन यांनी एका गीतात मांडली, आणि ते गीत त्या नगराने आपलेसे केले. घरबांधणीच्या धोरणावर इतकी नेमकी टीका एखाद्या सरकारी अहवालात सापडेल असे मला वाटत नाही.

सणावारांतही हेच दिसते. कडव्या धर्मसुधारकांनी नाताळ इतका दडपला की, स्कॉटलंडात त्या दिवशी सार्वजनिक सुटी १९५८ साली सुरू झाली. लोकांनी आपला सारा आनंद वर्षाच्या अखेरच्या रात्री, ‘हॉगमनी’ला, साठवून ठेवला. मध्यरात्रीनंतर घरात पहिले पाऊल टाकणारा पाहुणा काळ्या केसांचा, उंच पुरुष असावा, आणि त्याने कोळशाचा तुकडा आणावा, असा रिवाज. आणि त्याच्या तोंडचा आशीर्वाद, ‘लँग मे युअर लम रीक’, तुमच्या धुराड्यातून दीर्घकाळ धूर निघो. चूल पेटती राहो अशी इच्छा करणाऱ्या आपल्या माणसांना त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

अशा भाषेचे आज दोन तऱ्हांनी कौतुक होते आणि दोन्ही मला अपुरी वाटतात. एक कौतुक पर्यटकांचे, पेल्यांवर आणि पुसण्यांवर विनोदी शब्द छापून विकण्याचे. दुसरे रॉबर्ट बर्न्सच्या जयंतीचे: २५ जानेवारीस त्याची कविता पाठ म्हणून बक्षीस मिळविणाऱ्या मुलाने दुसऱ्या दिवशी त्याच भाषेत उत्तर दिले तर त्याला बोलणी खावी लागत, ही तेथील लेखकांची जुनी तक्रार आहे. १९९४ साली जेम्स केलमन या ग्लासगोच्या कादंबरीकाराला बुकर पारितोषिक मिळाले, तेव्हा त्याच्या पात्रांच्या बोलीवरून केवढा गहजब झाला आणि निवड-समितीतील एका सदस्येनेच उघड नापसंती कशी दाखविली, हे फार जुने नाही. २०११ च्या जनगणनेत स्कॉट्सविषयी पहिल्यांदा प्रश्न विचारला गेला, तर सुमारे ५३ लाखांच्या देशात १५ लाखांहून अधिक लोकांनी आपण ती बोलतो असे सांगितले. एवढ्या लोकांची भाषा वर्षातून एका रात्रीपुरती मानाची कशी असू शकते?

म्हणून नव्या कायद्याची कसोटी वर्गातच लागेल. शिक्षणातील मानके ठरविण्याचा अधिकार त्याने मंत्र्यांना दिला आहे, आणि तो वापरताना एक मोठा धोका टाळला पाहिजे. स्कॉट्सला एकच एक लेखननियम नाही. शेटलंड, ॲबर्डीन, ग्लासगो आणि सीमाप्रांत यांच्या बोलींत पुष्कळ अंतर आहे. नवी प्रमाण स्कॉट्स घडवून ती सर्वांवर लादली, तर इंग्रजीपुढे ओशाळलेले मूल आता आणखी एका शुद्ध भाषेपुढे ओशाळेल. ॲबर्डीनशरच्या शाळेत डॉरिकच शिकवावी, शेटलंडमध्ये शेटलंडची बोली, आणि इंग्रजी तर सर्वांनी उत्तम शिकावी. शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्या त्या प्रांताची बोली वाचणे, ऐकणे आणि तपासणे हा सक्तीचा भाग असावा, आणि त्यासाठी लागणारा पैसा एडिंबऱ्याच्या सरकारने अंदाजपत्रकात स्वतंत्रपणे, नाव घालून, दरसाल मंजूर करावा.