ज्याच्या खिशात पैसा, त्यालाच अनुदान!



'हवामान बदल' हा शब्द सरकारी कागदावर येण्याआधी आपल्या रानात आला होता. पेरणी झाली की उघडीप आणि सोयाबीन काढणीला आले की पाऊस. 2025 च्या सप्टेंबरात परंडा-भूम भागात पुराने पिकाबरोबर मातीही खरवडून नेली. यावर शेतीशास्त्राकडे उपाय नाहीत असे नाही. रुंद वरंबा-सरीवर सोयाबीन पेरले तर जादा पाणी सरीतून निघून जाते आणि उघडीप पडली तर तीच सरी ओल धरते. ठिबक, शेततळे, फळबाग हेही उपाय आहेत. पण त्यांना पैसा लागतो.

त्यासाठी 2018 साली जागतिक बँकेच्या कर्जातून नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, आपला 'पोकरा', आला. सुमारे 4,000 कोटींचा आणि 15 जिल्ह्यांचा. त्यात आपला जिल्हाही होता. दुसरा टप्पा 21 जिल्ह्यांसाठी आहे. हे कर्ज फेडणार कोण? जो साध्या काडेपेटीवरही कर भरतो तो! मग यात उपकार कसला?

आपलेच काही जुने कार्यकर्ते म्हणतात, "आम्ही भाव मागणारी माणसे. अनुदानाचे अर्ज भरत बसायचे का?" भावाची लढाई सोडायची नाहीच. पण अर्जाचे टेबल आपण सोडले की तिथे दलाल बसतो आणि गरिबाचा अर्ज बाद होतो, हे मी शेतीची पदवी घेऊन गावोगाव फिरताना डोळ्यांनी पाहिले आहे.

खरी गोम मात्र अर्जात नाही, नियमात आहे. आधी पूर्वसंमती घ्या, मग स्वतःच्या पैशाने खरेदी करा, बिल चढवा, जागेवर तपासणी आणि फोटो होऊ द्या, मग पैसे खात्यावर. तहानलेल्याला सांगायचे, "आधी विहीर खोद, पाणी लागल्याचा फोटो काढ, मग तांब्याभर पाणी देऊ."

हिशेब करू. ठिबकला अल्पभूधारकासाठी राज्याच्या पूरक अनुदानासह 80 टक्के अनुदान आहे. समजा, खर्च 1 लाख. कागदावर शेतकऱ्याचा वाटा 20 हजार. पण तो लाख त्याने सावकाराकडून शेकडा 3 ने उचलला आणि अनुदान 6 महिन्यांनी आले, तर व्याजच 18 हजार! म्हणजे त्याचा वाटा झाला 38 हजार. शिवाय अनुदान बिलावर नाही, सरकारने ठरवलेल्या मापदंडावर मिळते. वरचा फरक त्याच्याच माथी. शेजारच्या बागायतदाराकडे लाख रुपये पडून असतात, त्याला हे व्याज नाही. योजना एकच, पण गरिबाला महाग आणि सधनाला स्वस्त.

बायकांचे तर विचारूच नका. याच जिल्ह्यात स्वयं शिक्षण प्रयोगाच्या बायकांनी एक-एक एकरात मिश्र पिके घेऊन घर सावरले. 2016 साली त्या कामाला संयुक्त राष्ट्रांचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पण पुरस्कार दाखवून अर्ज मंजूर होत नाही. सातबारा लागतो आणि त्यावर नाव नवऱ्याचे किंवा सासऱ्याचे असते. विधवेची वारसनोंद रखडली तर तिचा अर्जही रखडला.

म्हणून जिल्हा बैठकीने चार ठराव करावेत.

एक, अल्पभूधारकाच्या अनुदानाची रक्कम पूर्वसंमतीनंतर थेट विक्रेत्याला द्यावी. शेतकऱ्याने फक्त आपला वाटा भरावा.

दोन, तपासणीनंतर 30 दिवसांत पैसे आले नाहीत तर सरकारने व्याज द्यावे. आपल्या थकबाकीवर ते घेतातच ना?

तीन, कोणाचा अर्ज का नाकारला, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर मराठीत लागावे.

चार, रखडलेल्या वारसनोंदी गावातच शिबिर घेऊन निकाली काढाव्यात.

आणि एक काम आपले. गावातल्या शिकलेल्या दोन मुलामुलींनी आठवड्यातून एक दिवस चावडीवर बसावे. सातबारा, आठ-अ, आधार जोडलेले खाते, शेतकरी ओळख क्रमांक, सामाईक खाते असेल तर संमतीपत्र, एवढे तपासून फुकट अर्ज भरून द्यावा. बाद झालेल्या प्रत्येक अर्जाची नोंद वहीत ठेवावी.

ती वही पुढच्या बैठकीला घेऊन या. मग जिल्हाधिकाऱ्यांसमोर भाषण करायची गरज नाही. वही उघडून ठेवू!