भेगाळलेली जमीन आणि उसनी नजर

छायाचित्रणात तंत्राचे फारसे काही नसते, 'नजर' असली की पुरे, हे वाक्य मराठीच्या प्राध्यापकवर्गात वारंवार ऐकू येते. आम्हाला ते मान्य नाही. तंत्राविषयीचे अज्ञान निरागस नसते. त्या रिकाम्या जागेत उसनी शैली येऊन बसते आणि आपण तिलाच संवेदनशीलता समजतो.

यवतमाळलगतच्या लोहाऱ्याचे उदाहरण घ्या. भित्तिपत्रकासाठी तेथील जीवन टिपून आणा, असे आम्ही विद्यार्थ्यांना सांगितले होते. आलेल्या चित्रांत भेगाळलेली जमीन, निष्पर्ण झाड, कपाळाला हात लावलेला म्हातारा हेच पुनःपुन्हा होते. लोहाऱ्याला औद्योगिक वसाहत आहे, तेथे डेनिमचे कापड तयार होते; ज्या जिल्ह्याची ओळखच कापूस, तेथील हे दृश्य एकालाही टिपावेसे वाटले नाही.

ही चित्रे आली कोठून? पश्चिम विदर्भातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या देशभर चर्चेत होत्या आणि जुलै २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्या काळात दूरदूरचे छायाचित्रकार येथे आले. त्यांच्या चित्रांतून दुःखाची एक परिभाषा घडली. ती तेव्हा खरी असेलही. आज उरली आहे ती तिची नक्कल. बोलीचे चार शब्द पेरून ग्रामीण कथा लिहिणाऱ्यांना आपण 'कृतक' म्हणतो. मग येथे गप्प का?

भेगांचेच पाहा. काळ्या मातीतील चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की आकसते. पाऊस उत्तम झालेल्या वर्षीही उन्हाळ्यात ती भेगाळते. मे महिन्यातली भेग दुष्काळाचा पुरावा म्हणून दाखवणे हे अज्ञान आहे.

तंत्राचे अज्ञान याहून वेगळे नाही. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून चालतो. त्यामुळे चौकटभर काळी माती घेतली तर ती फिकट होते, चौकटभर फुटलेला कापूस घेतला तर तो मळकट होतो. यंत्राच्या हवाली केलेल्या चित्रात आमच्या प्रदेशाचे दोन्ही रंग खोटे ठरतात! उपायाला पैसा लागत नाही. साध्या मोबाईलवरही पडद्याला बोट लावून उजेड मातीसाठी कमी आणि कापसासाठी जास्त करता येतो. वेचणीला आलेल्या बाईचा चेहरा भर दुपारी आकाशापुढे काळवंडतो. तिला दाराच्या सावलीत बसवावे, समोर पांढरे धोतर धरावे. चेहरा गोरा करणारी फोनमधली सोय आधी बंद करावी. महागडे भिंग नंतर पाहू.

वेदनेपुढे उजेडाचा हिशेब कोण करतो, असे कुणी विचारील. आमचे उत्तर असे की सावळा चेहरा यंत्राने उजळून दाखवणे हाही त्या माणसाचा अवमानच आहे. फडके-खांडेकर वाद शिकवताना कला आणि जीवन यांना आपण समोरासमोर उभे करतो. बोटभर उजेडाच्या या प्रश्नात मात्र ती दोन्ही वेगळी काढता येत नाहीत. मूळचे अकोल्याचे सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचे जग टिपले ते त्यांच्यात वावरून, आणि तंत्रात तसूभरही ढिलाई न करता. दया वाटणे एवढ्यावर ते काम उभे राहिलेले नाही.

शेवटी त्या सर्वपरिचित चित्राविषयी: हाती पतीची तसबीर धरलेली विधवा. ती तसबीर कुणी नीट पाहिली आहे काय? बहुधा ती गावातल्या एखाद्या स्टुडिओत काढलेली असते. इस्त्रीचा सदरा, विंचरलेले केस, सरळ नजर. आपण कसे दिसावे हे त्या माणसाने स्वतः ठरवले होते आणि त्या अनाम छायाचित्रकाराने तेवढ्यासाठी दिवे नीट लावले होते. आमच्या विद्यार्थ्यांनी प्रथम शिकावे ते त्याच्याकडून.