निळ्या गोळीआधी साखर तपासा

रात्री शटर खाली यायच्या बेतात असताना मेडिकलमध्ये येणारं एक गिऱ्हाईक सगळ्या दुकानदारांच्या ओळखीचं असतं. आधी तो क्रोसिन घेतो, मग खोकल्याच्या गोळ्या, आणि बाकीची माणसं पांगली की आवाज खाली आणून खरी मागणी करतो. डॉक्टरांची चिठ्ठी नसते. सिल्डेनाफिल हे कायद्याने चिठ्ठीवरच विकायचं औषध, पण स्ट्रिप कागदी पाकिटात घालून मुकाट्याने पुढे सरकवली जाते. दुकानदार काही विचारत नाही, गिऱ्हाईक काही सांगत नाही. खरी गडबड या गप्प बसण्यात आहे.

या गोळीने वासना चाळवते, हा समज काही केल्या जात नाही. गोळी घेऊन क्रिकेटची मॅच बघत बसलं तर बहुधा काहीही होणार नाही. इच्छा मेंदूत जागी व्हावी लागते. ती झाली की लिंगातल्या मज्जातंतूंच्या टोकांतून आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड बाहेर पडतो. त्यातून ‘सीजीएमपी’ नावाचं रसायन तयार होतं, स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं आणि त्या दाबाने बाहेर नेणाऱ्या शिरा चेपल्या जातात. काम झालं की ‘पीडीई-५’ हे विकर सीजीएमपीची विल्हेवाट लावतं. गोळी फक्त या विकराला रोखून धरते. मुळात नायट्रिक ऑक्साइडच सुटला नाही, तर तिला राखायला काही उरत नाही.

शोध लागला तो वेगळंच काही शोधताना. इंग्लंडमधल्या केंट परगण्यात, सँडविच गावी, फायझरचे संशोधक हृदयशूळावर औषध तयार करत होते. छातीच्या दुखण्यावर त्याचा फारसा उपयोग दिसेना, पण चाचण्यांतले पुरुष एक वेगळाच परिणाम सांगू लागले. मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत या सिल्डेनाफिलला ‘व्हायग्रा’ नावाने मान्यता मिळाली. त्याच वर्षीचं वैद्यकाचं नोबेल नायट्रिक ऑक्साइडचं शरीरातलं काम उलगडणाऱ्या फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना मिळालं. भारतात तेव्हा औषधाच्या रेणूवर पेटंट नव्हतं, त्यामुळे २००१ पासून देशी कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या आल्या. स्वस्त झाल्या हे चांगलंच. त्याबरोबर त्या डॉक्टरला वगळून मिळू लागल्या, हे मात्र चांगलं झालं नाही.

कारण ताठरता न येणं ही अनेकदा रक्तवाहिन्यांची तक्रार असते. लिंगाच्या धमन्या एक-दोन मिलिमीटरच्या, हृदयाच्या तीन-चार. चरबीचा थर दोन्हीकडे साचतो, पण अडचण आधी बारीक नळीत जाणवते. हृदयविकाराची लक्षणं दिसण्याआधी दोन-तीन वर्षं ही तक्रार सुरू झालेली पुष्कळदा आढळते. मधुमेहात तर धमन्यांबरोबर मज्जातंतूही खराब होतात. पंचेचाळिशीतला माणूस चोरून गोळी आणतो, वेळ निभावते, आणि साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल तपासायचं राहूनच जातं. पंचविशीतल्या मुलाचं कारण बरेचदा धास्ती हे असतं. त्यालाही मित्राने दिलेल्या गोळीपेक्षा डॉक्टरशी अर्धा तास बोलण्याचा उपयोग जास्त.

ज्यांना डॉक्टरचीही लाज वाटते, ते एसटी स्टँडच्या भिंतीवरच्या ‘गुप्तरोग’ जाहिरातींकडे वळतात. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे. भिंती तरी रंगतातच. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ‘शक्तिवर्धक’ कॅप्सूलमध्ये गुपचूप सिल्डेनाफिलच मिसळलेलं असल्याचं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वारंवार उघड केलं आहे. म्हणजे ज्याला वाटतं आपण जडीबुटी घेतोय, त्याच्याही रक्तात तेच औषध, आणि तेही किती मात्रेत कोण जाणे.

सिल्डेनाफिलचा खरा धोका ते सॉर्बिट्रेटबरोबर घेण्यात आहे. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची ही गोळी आपल्याकडे कित्येकांच्या खिशात असते. तीही नायट्रिक ऑक्साइडच्याच वाटेने रक्तवाहिन्या सैल करते. दोन्ही औषधं एकत्र आली तर रक्तदाब इतका कोसळू शकतो की जिवावर बेतावं. सिल्डेनाफिल घेतल्यावर किमान २४ तास आणि त्याच गटातलं, जास्त काळ टिकणारं टाडालाफिल घेतल्यावर ४८ तास सॉर्बिट्रेटसारखं नायट्रेट द्यायचं नाही, असा दंडक आहे.

म्हणून कॅज्युअल्टीत छाती धरून आलेल्या पुरुषाला ‘कुठली गोळी घेतली होती का’ हे विचारावंच लागतं. बायको उशाशी आणि मुलगा पायथ्याशी उभा असताना तो खरं सांगेल, ही अपेक्षा भाबडी आहे. दोघांना केस पेपर काढायला पाठवावं, पडदा ओढावा आणि सिल्डेनाफिल, टाडालाफिल, ‘ताकदीची’ कॅप्सूल अशी नावं घेऊन स्पष्ट विचारावं. प्रश्नाला अर्धं मिनिटही लागत नाही, आणि सॉर्बिट्रेट जिभेखाली जाण्याआधी तो विचारायला हवा.