चुरचुरलं म्हणजे गुण आला?

आपल्याकडे औषध पास की नापास हे एकाच गोष्टीवर ठरतं. जाणवलं का? काढा कडू हवा, इंजेक्शन ठणकलं पाहिजे, आणि मुक्या मारावर चिकटवलेल्या पट्टीनं कातडीची आग आग झाली पाहिजे. नाही झाली तर "काही दम नाही राव या पट्टीत".

आमची शनिवारी टर्फवर खेळणारी आयटीची जनता म्हणजे या पंथाचे कट्टर अनुयायी. आठवडाभर खुर्चीत रुतलेले, शनिवारी एकदम फास्ट बोलर. बॉल मांडीवर बसतो, काळंनिळं होतं, आणि कोणीतरी किटमधून पट्टी काढतो. "लाव रे, कसलं गरम होतं बघ!" मांडी पेटते. गडी खूश. पुढच्या ओव्हरला हजर.

मंडळी, जरा थांबा. पाकिटावरचा बारीक मजकूर वाचलाय कधी? दुकानात "दुखण्याची पट्टी" म्हणून मिळतात त्या दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि माझं भांडण त्यांना एकच समजण्याशी आहे.

पहिल्या प्रकारात मेन्थॉल, मिथाइल सॅलिसिलेट, नाहीतर मिरचीतलं कॅप्सेसिन. यांचं मुख्य काम कातडीला चाळवण्याचं. कातडीकडून थंड-गरमचे इतके सिग्नल जातात की खालच्या स्नायूचं रडगाणं मेंदूपर्यंत नीट पोचत नाही. (मेल्झॅक आणि वॉल या दोघांनी १९६५ साली मांडलेली 'गेट कंट्रोल' थिअरी साधारण याच वळणाची.) आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बोंबलतोय म्हणून दुसरे हजार अलर्ट सोडून द्यायचे, म्हणजे मूळ अलर्ट कोणाला दिसणारच नाही. आराम पडतो, खोटं कशाला बोला. पण ती आग म्हणजे औषध आत पोचल्याची पावती नव्हे.

दुसऱ्या प्रकारात डायक्लोफिनॅकसारखं सूज उतरवणारं औषध. अमेरिकेच्या एफडीएनं २००७ साली डायक्लोफिनॅकच्या एका पट्टीला मान्यता दिली तीच मुळी लचक, मुरगळणं आणि मुका मार यांसाठी. १० बाय १४ सेंटिमीटरचा चौकोन, बारा तासांनी बदलायचा. औषधाचा रेणू लहान, म्हणून कातडीतून झिरपतो. रक्तात पोचणारं प्रमाण गोळीच्या मानानं नगण्य. म्हणजे मांडीतल्या एका जागेसाठी पोट आणि किडनी यांना कामाला लावायचं नाही. आणि ही पट्टी लावल्यावर काय वाटतं? फारसं काहीच नाही! म्हणूनच आमच्या गड्यांत ती नापास.

आता आकडे. २०१५ च्या कॉक्रन रिव्ह्यूमध्ये अशा तात्पुरत्या दुखण्यांवरच्या चाचण्या एकत्र केल्या आहेत. आठवडाभरात दुखणं निम्म्यावर आलं असे लोक डायक्लोफिनॅकच्या या पट्टीत १०० पैकी ६३, आणि औषध नसलेल्या नकली पट्टीत ४१. हा ४१ चा आकडा जरा डोक्यात राहू द्या. नुसतं चिकटवून आणि वाट बघून इतके लोक बरे होतात, कारण मुका मार मुळात आपला आपण बरा होतो. याच रिव्ह्यूत डायक्लोफिनॅकच्या एका जेलचे आकडे ७८ विरुद्ध २० आहेत. चाचण्या वेगळ्या, त्यामुळे थेट तुलना नको. पण साध्या ट्यूबला कमी लेखायचं कारण नाही. शिवाय केसाळ पिंढरी आणि मुंबईचा घाम या जोडीपुढे कुठली पट्टी टिकलीये? :)

"पण आमचं आयुर्वेदिक आहे, त्याला साइड इफेक्ट नसतात." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. पाकिटावर 'गंधपुरा तेल' लिहिलेलं असतं ना, ते जवळजवळ सगळंच्या सगळं मिथाइल सॅलिसिलेट असतं. अ‍ॅस्पिरिनचं सख्खं भावंड. कातडीतून रक्तात जातं, आणि वॉरफॅरिन घेणाऱ्याचं रक्त आणखी पातळ करू शकतं. आमच्या बाबांना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत. मध्ये ते जिन्यात आपटले तर शेजारच्या काकू मायेनं बामची बाटली आणि गरम पाण्याची पिशवी दोन्ही घेऊन आल्या. काकूंना नाही म्हणणं ही वेगळीच लढाई, ती आईनं लढली. अशा माणसाला मोठा मुका मार लागला की आधी डॉक्टर. आत किती रक्त साचलंय ते पट्टीला कळत नाही.

आणि ती गरम पिशवी! एफडीएनं २०१२ मध्ये इशारा दिला होता की दुकानात सहज मिळणाऱ्या या चुरचुरणाऱ्या मलमांनी आणि पट्ट्यांनी कातडी भाजल्याची ४३ प्रकरणं नोंदली गेली आहेत. काहींना एकदा लावल्यावरच. पट्टीवरून शेक दिला की धोका वाढतो. म्हणजे ज्या आगीला आपण गुण म्हणतो, ती कधीकधी खरीच आग असते. चरचरायला लागलं की पट्टी काढायची आणि कातडी धुवायची. "सहन कर, लागू पडतंय" म्हणणाऱ्या मित्राला ती स्वतःच्या मांडीवर लावायला सांगायची.

मुक्या मारावर पहिल्या दोन दिवसांत खसाखसा चोळणं हा दुसरा प्रकार. आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटलेल्या असतात, त्यांना आणखी रगडून काय साधणार? मांडीच्या मोठ्या मारात तर साचलेल्या रक्ताच्या जागी स्नायूत हाड धरायला लागल्याचीही उदाहरणं आहेत. फडक्यात गुंडाळून बर्फ, पाय उशीवर, पुढची मॅच सोडणे. आजीचा आंबेहळदीचा लेप निदान चोळायचा नसतो, हलक्या हातानं लावायचा असतो, एवढं श्रेय तिला द्यायलाच हवं.

राहता राहिला "पट्टी लावून खेळतो ना" वाला वीर. दुखणं दबलं म्हणून स्नायू जोडला गेला असं नाही. मार लागलेली जागा दगडासारखी घट्ट झाली, बधिर वाटायला लागली, दुखणं तासातासाला वाढत चाललं, तर त्याला ओव्हर नको, रिक्षा हवी. थेट हॉस्पिटल.

बाकी, सोमवारी केमिस्टकडे गेलात तर नुसतं "दुखण्याची पट्टी द्या" म्हणू नका. पाकीट उलटं करून कशाची आहे ते वाचा. तो वैतागेल, रांगेतले मागचे वैतागतील. वैतागू देत.